घड्याळजी गेले

रविवार, ५ तारीख

चिमटी,

राग आला असेल तर हे पत्र उशीखाली ठेव आणि उतरला की वाच. फाडू नकोस मात्र. एवढं लिहायला माझी सकाळ गेली आहे. त्यात शाईच्या बाटलीचं मेलं झाकण निघेना. शेवटी दाराच्या फटीत धरून फिरवलं, तर दाराचाच रंग निघाला.

आधी मजा सांगते. आज पेपरात आपल्या "उलटे काटे" चित्रकथेचा भाग छापून आला. मी अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं आणि खालच्या मास्तरीणबाई पेपर घेऊन वर हजर. एरवी गुडघे दुखतात म्हणून गच्चीवरचे कपडे मला काढायला लावतात, आज कशा चढल्या कोण जाणे.

"अहो, घड्याळजी गेले कुठे?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? गोष्ट नातीची. मी नुसती अक्षरं काढते."

"पण कुठल्या काळात गेले? मागे की पुढे? पोरगी रडतेय की हसतेय तेही कळत नाही, पाठमोरी आहे."

त्या उतरल्या, मग मी खाली गेले तर कोपऱ्यावरचा न्हावी भेटला. त्याच्या दुकानात म्हणे दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, घड्याळजी गोष्टीतल्या पुराच्या आधीच्या दिवसात गेले, लोकांना सावध करायला. अर्धे म्हणतात, पुढच्या काळात गेले, मनोऱ्याच्या घड्याळाला नवी चावी आणायला. एका माणसाची दाढी वादात अर्धीच राहिली आणि तो तसाच उठून कामाला गेला. मला इतकं हसू आलं, चिमटी. तुझ्या आजोबांवरून काढलेला माणूस, आणि अख्खी गल्ली त्याची वाट बघत बसलीय.

आता दुसरं.

सहाव्या चौकटीसाठी तू कागदावर लिहिलं होतंस, "घड्याळजी मेले." छापून आलं, "घड्याळजी गेले." त्याचं असं झालं, की टाकाचं टोक झिजलंय. म काढताना मधली आडवी रेघ उमटली नाही, आणि ती नसली की म चा ग होतो. हवं तर काढून बघ. रेघ ती केवढी, मुंगीएवढी.

तू तिकडे लांबच्या देशात बसून चित्रं काढायचीस, बोलण्याचे फुगे रिकामे ठेवायचेस, पुठ्ठ्याच्या नळीत घालून मजकुराच्या कागदासकट धाडायचीस, आणि मी इथे आजोबांच्या बाकावर बसून फुगे भरायचे. इतकी वर्षं निभावलं, एवढी एक चूक पोटात घाल. "कॉम्प्युटरची अक्षरं मेलेली दिसतात, आजी, तुझी जिवंत आहेत," असं तूच म्हणाली होतीस. जिवंत म्हटल्यावर एखादं इकडे तिकडे व्हायचंच.

हल्ली नळीत नुसता मजकुराचा कागद असतो, माझ्यासाठी ओळ नसते. मी नळी उलटी करून आपटून बघते. या खेपेला घालशील का?

तुझी आजी


गुरुवार, ९ तारीख

चिमटी,

नळी आली नाही.

बुधवारी येते ती आली नाही म्हणून मी आज सकाळपर्यंत कुरियरवाल्यालाच नावं ठेवत होते. मग पेपरच्या संपादकांचा फोन आला. एवढा मोठा माणूस, पण बोलतो कसा, तोंडात सुपारी धरल्यासारखा.

"आजीबाई, पत्रांचा ढीग पडलाय इथे. कमाल केली तुमच्या नातीनं. एका शब्दात सगळ्यांना टांगून ठेवलं."

मी म्हटलं, "हो, हुशार आहे पोरगी."

असं म्हटलं मी. माझ्या चुकीची शाबासकी तुझ्या पदरात टाकली आणि वर कौतुकाने हसले.

"पण त्या फोन उचलत नाहीत. पुढचा भाग आज संध्याकाळी हातात नसेल, तर मला त्या जागी गादीची जाहिरात लावावी लागेल. आणि आजीबाई, जाहिरात एकदा बसली की उठत नाही."

फोन ठेवला आणि बाकावर बसले. आजोबांचं भिंग अजून खिळ्यालाच आहे. चिमटे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. मी त्याच बाकावर जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर पुसलेले आकडे काढायची, ते शेजारी आतली चाकं पुसायचे. शाळेत तिसरीपर्यंत गेले ते आकड्यांपुरतंच. अक्षरं मी नंतर तुझ्या फुग्यांत शिकले, म्हणजे चित्रासारखी काढायला शिकले. वाचून ते दाखवायचे. तू दीड हाताची होतीस, चिमट्याने धरून बारीक स्क्रू त्यांना द्यायचीस, म्हणून तुझं नाव चिमटी पडलं. आणि मोठी झाल्यावर तू घड्याळजी आणि चिमटी असे दोघं काढलेस, मनोऱ्याच्या घड्याळात शिरून काटे उलटे फिरवणारे. दर गोष्टीच्या सुरुवातीला तीच ओळ, "आणि दोघं गेले!" हजारदा काढली असेल मी ती. तिथे गादी?

तर चिमटी, मी भाग काढला.

थांब, पत्र फेकू नकोस. माणसं मला येत नाहीत हे मलाही माहीत आहे. मागे एकदा तुझा बाप काढला होता तर सगळे म्हणाले, किटली छान आहे. म्हणून मी माणसं काढलीच नाहीत. सहा चौकटी आखल्या, सहाही शाईने काळ्याभोर केल्या, आत पांढरे फुगे ठेवले. दोघं काळाच्या बोगद्यात आहेत आणि कंदील विझलाय.

पेपरचा स्कूटरवाला न्यायला आला तेव्हा शाई ओली होती. तो धापा टाकत जिना चढला, त्याने कागद बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"आजी, शाई सांडली का?"

"नाही रे. बोगदा आहे."

"कसला?"

"काळाचा."

"मग काळाच असणार," म्हणाला आणि बसला चहाला. वाळेपर्यंत दोन कप प्यायला.

फुग्यांत काय लिहिलं ते सांगते, म्हणजे पेपर बघून दचकायला नको.

"घड्याळजी, तुम्ही आहात ना?"

"आहे ग."

"मला काहीच दिसत नाही."

"डोळे मिटून बघ. मी स्क्रू तसाच शोधतो."

"भूक लागलीय."

"डाव्या खिशात गोळ्या आहेत. उजव्यात स्क्रू. चुकलीस तर दात जाईल."

लिहिताना मी एकटीच हसत होते. त्यांच्याशी बोलून किती दिवस झाले होते.

आणि ऐक. टाकाचं टोक झिजलंय म्हणाले ते खरं नाही. टोक नवं होतं, तूच पाठवलेल्या डबीतलं. म ची गाठ काढून झाली, आडवी रेघ ओढायची आली, आणि मी हात उचलला. एवढंच.

आजी


सोमवार, १३ तारीख

चिमटी,

काळा भाग लोकांना आवडला. आवडला म्हणजे काय, न्हाव्याने दुकानाच्या आरशाला चिकटवलाय. ज्याची दाढी अर्धी राहिली होती तो म्हणतो, मी सांगितलंच होतं, माणूस जिवंत आहे. वीजबिल भरायच्या रांगेत एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती, "डाव्या खिशात गोळ्या, उजव्यात स्क्रू," आणि दोघी खिदळत होत्या. मी मागे उभी. सांगावंसं वाटलं, अहो बायांनो, ते मी लिहिलंय. नाही सांगितलं, पण मान इतकी ताठ झाली की खिडकीवरच्याने विचारलं, आजी, मान आखडली का?

घरी आले तर मास्तरीणबाई जिन्यात बसलेल्या. पेपर मांडीवर.

"हे नातीनं लिहिलेलं नाही," म्हणाल्या.

"का हो?"

"ऱ्हस्व दीर्घ बघा. आणि हे घड्याळजी तुमच्या ह्यांच्यासारखे बोलतात. ती गोळ्यांची गोष्ट त्यांचीच. मलाच एकदा स्क्रू दिला होता त्यांनी."

मी म्हटलं, "मग काय झालं? लोकांना आवडलं."

"लोकांचं सोडा. तिला विचारलंत?"

"ती फोन उचलत नाही."

"का उचलत नाही?" मास्तरीणबाईंचा आवाज तुला माहीत आहे, अख्खा वर्ग गप्प करणारा. "त्या एका शब्दानं पोरीला आजोबांचं शेवटचं तोंड बघू दिलं नाहीत. आता तोच शब्द छापून आणलात, आणि वर मान ताठ."

मी वर आले, दार लावलं आणि भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

तुला एक लिहायचंय. मास्तरीणबाईंना मी सांगितलं होतं की त्या दिवशी फोनवर खरखर होती. तुझ्या बापालाही तेच सांगितलं. तुलाही, तू नंतर विचारलंस तेव्हा. खरखर नव्हती, चिमटी. तुझ्या मागे कुणी खुर्च्या सरकवत होतं तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होतं. तुझ्या चित्रांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं. मी म्हटलं, "चिमटी, आजोबा गेले ग."

तू म्हणालीस, "आत्ता? कुठे गेले? आले की फोन करायला सांग. भिंतीवर सगळ्यात आधी काय लावलंय ते त्यांनाच सांगायचंय."

आणि मी "हो" म्हटलं.

ते तेव्हा बाकाशेजारच्या खाटेवर होते. बूटसुद्धा मी काढले नव्हते अजून. मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मनाशी म्हटलं, उद्याचं तिचं होऊ दे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता तर सगळं उरकलं, आज सांगते. सांगितलं, तेव्हा तू विचारलंस, "तू मेले का नाही म्हणालीस? मेले म्हणाली असतीस तर मी रात्रीतून निघाले असते." मी म्हटलं, खरखर होती. तू फोन ठेवलास तो ठेवलास.

कसं असतं बघ. दिवसभर माझ्या तोंडात तो शब्द असतो. मेलं झाकण, मेला जिना, मेली ती वरच्यांची मांजर. झुरळाला लावते, चांगल्या चालत्या पंख्याला लावते. आणि ज्याला लावायचा त्याला लावता येत नाही. गेले म्हटलं की दार उघडं राहतं ना. टोपी खुंटीला आहे, चष्मा बाकावर आहे, माणूस जरा बाहेर गेलाय.

आणि तू तुझ्या गोष्टीत तोच शब्द लिहून मला धाडलास. वाचकांसाठी नाही, मला कळलं होतं तेव्हाच. माझ्या हातून तो एकदा काढून घ्यायचा होता तुला. मी तिथेही हात उचलला.

आजी


रविवार, १९ तारीख

चिमटी,

आज गादी आली.

गुरुवारी स्कूटरवाला आला होता. "काय आहे या खेपेला? बोगदाच ना?" म्हणाला. आशेने पिशवी उघडूनच उभा होता. मी म्हटलं, काही नाही. खरं तर माझ्या मनात एक भाग तयार होता. घड्याळजी बोगद्यात शिंकतात आणि शिंकेने कंदील पेटतो. मला रात्रभर त्याचं हसू येत होतं. पण काढला नाही. तुझ्या माणसाला मी किती दिवस अंधारात बसवून ठेवणार?

संपादक चिडले. "लोक मला जाब विचारतील," म्हणाले. मी म्हटलं, मलाही जाब विचारणारी एक आहे, तिच्यामागे रांगेत उभे राहा.

गादीच्या जाहिरातीत दोघं झोपलेत. दात दाखवत झोपलेत मेले. असं कोण झोपतं?

मास्तरीणबाईंनी आज कपडे स्वतः काढले आणि माझेही काढून घडी करून दारात ठेवून गेल्या. त्यांचं बरं आहे, त्या रागावल्या तरी घडी नीट घालतात.

न्हाव्याच्या आरशावर काळा भाग अजून आहे. त्याने विचारलं, "आजी, येतील ना हो ते?" पहिल्यांदाच मला मजा वाटली नाही.

आजी


गुरुवार, २३ तारीख

चिमटी,

नळी आली. काल आली. मी ती आधी मांडीवर घेऊन बसले, मग उघडली, मग आपटली. ओळ नव्हती. चित्र मात्र होतं.

पहिल्या चौकटीत तुझी चिमटी एकटीच मनोऱ्यात चढतेय. दुसरीत काटे उलटे फिरवतेय, आणि मला वाटलं होतं ती पुरात जाईल, घड्याळजींना शोधायला. तिसरीत ती आपल्या घरात उतरली. भिंतीवरची सगळी घड्याळं तू काढलीस, तो वाकडा लंबकसुद्धा. चौथीत बाक, भिंग, चिमटे. पाचवीत एक म्हातारी पाठमोरी, हातात फोन. माझा अंबाडा इतका वाकडा नसतो, पण त्या दिवशी असेल. खाटेचा कोपरा दिसतोय, आणि बूट. बूट तुला कसे माहीत? मग आठवलं, मीच लिहिले. म्हणजे तू पत्रं वाचतेस.

सहावी चौकट तू मधून कापलीस. इकडे म्हातारी, तिकडे तू, मागे खुर्च्यांची थप्पी. दोघींच्या कानाला फोन. दोघींच्या डोक्यावर फुगा, रिकामा.

मजकुराच्या कागदावर पाच चौकटींचं सगळं लिहिलंयस. सहावीपुढे, "म्हातारीचं तू लिही." इतकंच.

आज सकाळी बाक पुसला. बाटलीचं झाकण उघडलं. पहिल्या झटक्यात निघालं, तेही मेलं वेळ बघून वागतं. पाच चौकटी भरल्या. सहावीला आले तशी मी उठले, पाणी प्यायले, खुंटीवरची त्यांची टोपी काढली, झटकली आणि कपाटात ठेवली. मग बसले.

म ची गाठ काढली. मग आडवी रेघ ओढली. हात उचलला नाही.

"आजोबा मेले, चिमटी. आत्ताच. सगळं टाकून ये."

वाचून बघितलं. मोठ्याने वाचलं. खोलीत कुणी नव्हतं तरी.

मग मी रडले, ते काही लिहीत नाही. चित्रावर थेंब पडू दिला नाही एवढं सांगते. डाग असेल तो चहाचा.

संध्याकाळी स्कूटरवाला आला. मी दारातच उभी राहिले.

"भाग झालाय," म्हटलं, "पण देणार नाही."

"आजी, साहेब माझी चामडी सोलतील. गादीवाले वर्षभराचं मागतायत."

"देऊ देत."

"मग हा कुणासाठी काढलात?"

"जिचा आहे तिच्यासाठी."

तो बिचारा रिकामी पिशवी घेऊन उतरला. अर्ध्या जिन्यातून वळून म्हणाला, "एवढं तरी सांगा, घड्याळजी येणार का?"

"नाही रे," मी म्हटलं. "मेले ते."

त्याने पिशवीची घडी घातली. "चांगले होते," म्हणाला आणि गेला. खाली गेला, म्हणजे स्कूटर चालू झाल्याचं मी ऐकलं. आता हा शब्द मी नीट बघून लिहिते.

चित्र याच नळीतून तुला परत पाठवतेय. माझा फुगा भरलाय, तुझा रिकामा आहे. तो मी भरणार नाही. इतकी वर्षं तुझ्या तोंडचं सगळं माझ्या अक्षरात आलं, आणि त्या बोगद्यात तर मी तुला न विचारताच बोलले. त्या दिवशी "मेले" ऐकून तू काय म्हणाली असतीस ते तुझ्या वाकड्या अक्षरात तूच लिही. शिव्या असतील तर फुगा लहान पडेल, मोठा काढ, माझ्या अंबाड्यावर आला तरी चालेल.

पेपरला दे, नाहीतर नको देऊस. मला मात्र दाखव. तिकडून धाडलंस तरी चालेल, घेऊन आलीस तर जिन्यात दिवा आहे.

बाटलीचं झाकण मी लावलेलं नाही. शाई वाळेल थोडी, वाळू दे.

आजी